तंबूच्या दोरीवरचे बोंबील

आमच्या घरात तीन माणसं आहेत आणि त्यातली दोन धाडसी आहेत.

तिसऱ्याला, म्हणजे मला, उंचीची भीती वाटते, खोलीची वाटते (दोन्ही एकच असतं असं माझी मुलगी म्हणते, पण भीती वेगवेगळी वाटते!), मोकाट गाईची वाटते आणि लिफ्ट मधेच बंद पडेल याची तर रोज दोनदा वाटते. काशीमीऱ्याच्या बाजूला बिबट्या दिसला असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की मी इथे जेसल पार्कात, सातव्या मजल्यावर, बाल्कनीचं दार लावून घेतो. बिबट्याला माझ्यापर्यंत यायचं तर आधी हायवेचे ट्रक, मग रिक्षांची रांग आणि शेवटी आमचा वॉचमन ओलांडावा लागेल, हे मला कळतं. तरी लावतो.

अशा माणसाला तन्वीने, म्हणजे आमच्या मुलीने, नोकरी लागल्याच्या आनंदात भेट काय द्यावी?

"बाबा, बुकिंग झालंय. तिघांचं. हिमाचलात ट्रेक. पाच दिवस तंबूत राहायचं."

"तंबूला कडी असते का?"

"चेन असते."

"चेनला कुलूप लागतं का?"

तन्वी उठून आत गेली.

माझी बायको वंदना मात्र खूश झाली. ती राई गावची. माहेर खाडीकाठी, मासेमारी करणारं. जिवंत चिंबोरी हाताने उचलून तिच्याशी बोलणारी बाई ती! तिला हिमालयाचं काय भय? तिने एकच प्रश्न विचारला, "तिकडं जेवायला काय असतं?"

"डाळ-भात, राजमा, पनीर."

"पाचही दिवस?"

सव्वीस वर्षांच्या संसारात वंदनाच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्याच दिवशी ती राईला जाऊन आली. सासूबाईंनी सुके बोंबील बांधून दिले होते. चार प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक घालून, वरून माझे लोकरी पायजमे गुंडाळून ते गाठोडं माझ्या सॅकमध्ये गेलं.

"माझ्याच सॅकमध्ये का?"

"तुमच्या कपड्यांना वास आला तर कोणाला काय फरक पडतोय?"

तर असा मी, बोंबलांसकट, हिमालय चढू लागलो. वाट आमच्या गॅलरीएवढी. एका बाजूला डोंगर. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. म्हणजे खूपच काहीच नव्हतं! आमचा वाटाड्या बलदेव, चाळिशीचा, शांत माणूस, मागून धीर देत होता, "अंकलजी, नीचे मत देखो."

"मैं किधर देखताय? वोच दिखताय!"

पुढे तन्वी आणि वंदना गप्पा मारत चालल्या होत्या. मी डोंगराच्या बाजूला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा चालत होतो. समोरून खेचरं आली तेव्हा मी एका झुडपाला मिठी मारली. झुडूप काटेरी होतं, पण मी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही देवदारांच्या जंगलाला लागून असलेल्या कॅम्पवर पोचलो. बलदेवने आमच्या गटातल्या सगळ्या ट्रेकर्सना उभं करून नियम सांगितला, "ये भालू का जंगल है. खाने का सामान टेंट के अंदर बिलकुल नहीं रखना. सब किचन टेंट में."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हात वर केला.

"भालू बडा होता है?"

"होता है."

"दिन में आता है?"

"मन करे तो आता है."

"आया तो क्या करने का?"

"भागना नहीं. शोर मचाना."

हे दोन्ही मी पाठ केलं आणि वंदनाला बाजूला घेऊन म्हटलं, "आत्ताच्या आत्ता ते बोंबील किचन तंबूत दे!" ती गेली. स्वयंपाक्याने पहिली पिशवी उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली आणि नाकाला मफलर लावला.

"आंटीजी, इसमें कुछ मर गया है."

"तो? जिंदा कैसे सुकायेंगे?"

गाठोडं परत आलं.

जेवणं झाली. सगळे बलदेवबरोबर वरचं तळं बघायला निघाले. तन्वीही गेली. माझा गुडघा दुखत होता (माझ्या गुडघ्यालाही भीती वाटते), म्हणून मी राहिलो आणि माझ्यासाठी वंदना राहिली. स्वयंपाकी दूध आणायला खालच्या गावात उतरला. एवढ्या मोठ्या हिमालयात आम्ही दोघंच उरलो.

तेवढ्यात आतून वंदनाची किंकाळी आली. मी धडपडत गेलो.

"सादळले हो! सगळे बोंबील सादळले!"

राईच्या माणसाला बोंबील सादळल्याचं दुःख काय असतं, ते आपल्याला कळायचं नाही. सादळलेल्या बोंबलाला ऊन दाखवायचं, हे तिच्या रक्तात आहे. तिने सॅकमधून नायलॉनची दोरी काढली, कपड्यांचे चिमटे काढले (हिमालयात कोण चिमटे नेतं?), आमच्या तंबूपासून शेजारच्या तंबूपर्यंत दोरी बांधली आणि चाळीस बोंबील एका ओळीत लटकवले. मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे बोंबील!

"अगं, त्याने काय सांगितलं?"

"तंबूच्या आत ठेवू नका म्हणाला. आत हायत का?"

"नाहीत, पण..."

"मग? बाहेर हायत."

ती रागावली की माहेरची भाषा बोलते आणि मग वाद घालण्यात अर्थ नसतो.

"मी ओढ्यावरनं पाणी आणते. तुम्ही राखण करा."

"कोणापासून?"

"कावळ्यापासून! आन् झोपू नका."

पाच लिटरचे दोन कॅन घेऊन ती उतरली. मी दोरीखाली बसलो. दहा मिनिटं एकही कावळा आला नाही. मग वरून धुकं उतरलं, ऊन गेलं, हुडहुडी भरली. राखण आतूनही करता येते असा विचार करून मी तंबूत शिरलो, चेन लावली आणि आडवा झालो.

टक्.

चिमटा तुटल्याचा आवाज. तंबू हलला.

"वंदना?"

चावण्याचा आवाज. टक्. पुन्हा चावणं. कोणीतरी माझ्या सासूबाईंचे बोंबील एकेक करून खात होतं! आणि वंदना तर भाजल्याशिवाय तोंडाला लावत नाही. मग कापडापलीकडून एक श्वास आला, पाण्याचा टँकर सोसायटीच्या गेटशी ब्रेक मारताना सोडतो तसा.

मी चेन दोन बोटं उघडली. समोर पाठ होती. काळी, केसाळ आणि संपता संपेना अशी पाठ!

बलदेवने सांगितलं होतं, पळायचं नाही. ते मला उत्तम जमलं. आवाज करायचा होता, तो मात्र निघेना. मी तोंड उघडलं, बंद केलं, परत उघडलं. आणि तोंड उघडं असतानाच आठवलं की वंदना येतेय.

इथे मला थट्टा सुचत नाही. आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या भीती मला त्या क्षणी खोट्या वाटल्या. दोन्ही हातांत जड कॅन, खाली मान घालून ती चढत असणार. या धुक्यात दहा पावलांवर येईपर्यंत तिला काही दिसणार नव्हतं. आणि तिला सावध करणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. "येऊ नकोस, मागे फिर," एवढंच ओरडायचं होतं. घशातून नुसती हवा आली. ताट वाजवावं म्हणून ताट उचललं, चमचा उचलला, तर चमचा निसटून स्लीपिंग बॅगवर पडला. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही! मग बाहेर उडी मारायची ठरवून चेन ओढली. ती माझ्याच स्वेटरमध्ये अडकली.

आणि धुक्यातून वंदनाचा आवाज आला.

"अहो! लाज हाय का न्हाय?"

मी जागच्या जागी थिजलो.

"राखण करायला बसवलं, आन् तुम्हीच खाताय? ते बी कच्चे? ठेवा! ठेवा ते खाली!"

चावणं थांबलं.

"पाठ काय दाखवताय? इकडं बघा! माझ्या आईनं लेकीसाठी दिले होते, न्हाय मिळायचं तिकडं काय म्हणून! आन् तुम्ही उभ्या उभ्या..."

पुढचं वाक्य तिने कॅन फेकून पूर्ण केलं. पाच लिटर पाणी धप्पकन कशावर तरी आदळलं. "हुफ्फ!" असा आवाज झाला, तंबू माझ्या अंगावर आला, दोरी तुटली आणि चार पायांचा धडधडाट जंगलाच्या दिशेने गेला. दोरी, चिमटे आणि उरलेले बोंबील त्याच्यामागे फरफटत गेले.

वंदना मागून ओरडतच होती, "आता पळताय कुठं? गुडघा दुखत होता ना?"

मी आडव्या तंबूतून कसाबसा डोकं बाहेर काढलं.

तिने माझ्याकडे बघितलं. जंगलाकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही... आत होता?"

"हो."

"मग ते?"

"अस्वल."

ती होती तिथे बसली. मी रांगत तिच्यापर्यंत गेलो, तिचे हात धरले. थोड्या वेळाने ती रडायला लागली.

"धुक्यात नीट दिसलं न्हाय हो. मला वाटलं, तुमचं काळं जॅकेट."

"माझं जॅकेट निळं आहे, वंदना."

ती आणखी रडली. मीही रडलो. मग मी कबूल केलं, "मला ओरडताच आलं नाही गं."

"बरं झालं," ती नाक पुसत म्हणाली. "अस्वल हाय हे मला कळलं असतं तर मी तिथंच पडले असते."

चारच्या सुमारास सगळे परतले. जमिनीवरचे पंजांचे ठसे पाहून बलदेव पांढरा पडला. आम्हाला भरपूर बोलला. मग सगळी हकीकत ऐकून वंदनापुढे हात जोडून उभा राहिला. "आंटीजी, आपने भालू को डाँटा?"

तन्वीला मात्र हसू आवरेना. "आई, दहा पावलांवरून तुला कळलं नाही? अस्वल कुठलं आणि बाबा कुठले?"

वंदनाने चहा गाळता गाळता विचार केला.

"तसा मला शेवटी संशय आला होता गं. एकदा ओरडल्यावर उठून गेलं ना, तेव्हाच वाटलं, हे काय तुझे बाबा न्हाईत."

हे ऐकून मी बाणेदारपणे उठणारच होतो. पण तिने चहासाठी आत्ताशी दोनदाच हाक मारली होती.