वंदनाने आखलेला तास

पेणच्या एसटी स्टँडवर मी नेहमीसारखी वंदनाची वाट बघत उभी होते. रोह्याची गाडी लागली होती, आणि हिचा पत्ता नाही. फोन केला तर तिच्या मुलाने उचलला. "मावशी, आई उठत नाय. डॉक्टर बोलतात, झोपेतच गेली..." मी त्याच्यावर खेकसलेच. "डॉक्टरला काय कळतंय! हलव तिला, गाडी सुटेल!" असं बोलले मी, आई गेलेल्या पोराला. आदल्या संध्याकाळी हीच बाई माझ्या हातातली अर्धी काकडी ओढून खात घरी गेली होती. कित्येक आठवडे झाले, तरी माझ्या डोक्यात ते शिरत नाही.

आम्ही दोघी रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. वंदना खाडीकाठची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. वर्गात शुद्ध बोलायची आणि गाडीत बसली की माझ्याशी "नाय गो, व्हय गो" सुरू. जवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांतल्या कामगारांसाठी कॉलेजने सुरक्षेचा एक वर्षाचा कोर्स काढला, तेव्हा त्याचा अभ्यासक्रम लिहायचं काम तिने मागून घेतलं. मी म्हटलं, जुना एखादा काढ, नावं बदल, मोकळी हो. तिने माझ्याकडे असं बघितलं की नागोठणे येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले.

मग पाहिलं मी तिचं काम. बाप रे! आधी ती कामगारांच्या पाळ्या विचारून आली. पाळी दर आठवड्याला बदलते, मग संध्याकाळचा वर्ग कितीजणांना जमणार? म्हणून प्रत्येक तास दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. कुठल्या तासाला काय शिकवणार, घरून काय वाचून यायचं, परीक्षेत काय विचारणार, सगळं साध्या मराठीत. "परीक्षेतलं पण सांगून टाकतेस?" मी विचारलं. "मग काय कोड्यात टाकू त्यांना? आधीच रात्रपाळी करून येतात बिचारे." आणि 'समजेल' या शब्दावर तर तिचा दातच होता. तिला मदत म्हणून मी एका ठिकाणी लिहिलं, 'विद्यार्थ्याला वायुगळतीचे धोके समजतील.' तिने फटकन खोडलं. "समजलं हे तुला कसं कळणार गो? मान तर सगळेच हलवतात. गळती झाली तर काय करेल, ते लिही. करून दाखवेल, असं लिही." मला राग आला होता. आता वाटतं, भांडायला तरी ये गं...

ती गेल्यावर कोर्स बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या. शिकवायला कोण आहे? म्हणजे त्या कामगारांचं वर्ष वाया. प्राचार्यांनी मला विचारलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. तिच्या टेबलामागे उभं राहायचं? माझ्याने होणार नव्हतं. त्या संध्याकाळी फाटकाशी कोर्सची काही मुलं थांबली होती. त्यांतला दिनेश, कंत्राटी कामगार, पुढे झाला. "मॅडम, कोर्स झाला तर मला सेफ्टीत घेतील. नायतर हायच पिंपं ढकलणं. तुम्ही नुसत्या या, काय शिकायचं ते आमच्याकडे लिवलेलं हाय." दुसऱ्या दिवशी गेले.

वर्गात शिरले, हातात तिचा अभ्यासक्रम. त्या दिवसाच्या तासापुढे तिने लिहिलं होतं : 'गळती झाल्यावर वर्ग रिकामा करणे. शिक्षिका बोलणार नाही. विद्यार्थी करून दाखवतील.' दिनेश म्हणाला, "मॅडम, आज तुम्ही बोलायचं नाय." त्याने खिडकीतून झाडाची पानं कुठल्या बाजूला हलतायत ते पाहिलं, वायू वाऱ्याबरोबर अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याला आडवी वाट धरायला सांगितली. कुणी धावलं नाही, कुणी ढकललं नाही. मलाही दंडाला धरून बाहेर नेलं. मैदानात त्याने एकेक डोकं मोजलं, माझ्यापाशी येऊन थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "मॅडम धरून सगळे बाहेर आले!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या उघड्या दाराकडे बघत राहिले. आत अजून कुणीतरी राहिलंय, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण माझी बोलायची पाळी नव्हती.