पट पूर्ण होता

विसरवाडीच्या स्टँडवर कोरीटचे एक शेतकरी भेटले, म्हणाले, "मास्तर, आत्माराम गुरुजी गयात." माझी गाडी समोरून निघून गेली, मी बसूनच राहिलो. तीन आठवडे झाले, हात लिहायला उचलत नव्हता...

तापीकाठच्या त्या कोरीटला तेव्हा आम्ही दोघेच शिक्षक. ते हेडमास्तर, मी नवखा. पुराची धास्ती गावात कुणालाच नव्हती, फक्त गुरुजींना. दर शनिवारी पोरांना ओळीनं टेकाडावर न्यायचं, तिथं मी पट वाचायचा, शेवटच्या पोरानं 'हजर' म्हटलं की गुरुजींनी म्हाताऱ्यांना आणायला खाली धावायचं. गावातली गुजर मंडळी ओट्यावरून हसायची, "गुरुजी, नदी आज सुट्टीवर शे!" गुरुजींची धाकटी सुमी रोज पाटी घेऊन पहिलीत बसे. सहा वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून गुरुजींनी तिला पटावर घेतलं नव्हतं. नियमाला ते असे पक्के, स्वतःच्या लेकीलाही सवलत नाही.

श्रावणात एका दुपारी पाणी खरंच आलं. पोरं शिकवल्याप्रमाणे टेकाडावर चढली. मी भर पावसात नावं वाचली, सगळी हजर. "पट पूर्ण," मी ओरडलो. गुरुजींनी हात जोडले आणि ते खाली धावले. कितीतरी म्हातारी माणसं त्यांनी वर आणली. शेवटी त्यांची बायको आली, ओळीवरून नजर फिरवत म्हणाली, "मन्ही सुमी कोठे शे?"

तिला वाटलं होतं शाळेसोबत आहे. आम्हाला वाटलं... आम्हाला काहीच वाटलं नव्हतं. सुमी सापडली नाही.

पुढं साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं, पटावरचं एकही मूल दगावलं नाही म्हणून. ते वाचताना मला स्वतःचीच शिसारी आली. गेल्या वर्षी धीर करून माफी मागितली, तर गुरुजी भिंतीकडे पाहत म्हणाले, "तुम्ही लिखेल व्हतं तेच वाचं, मास्तर. पट तर मीच लिखेल व्हता." त्या शब्दांनी मला सोडवलं नाही.

त्या पुरानंतर निवृत्त होईपर्यंत, हजेरी संपली की ते पोरांनाच विचारायचे, "आखो कोन ऱ्हायनं?" आता माझ्या शाळेत मीही विचारतो, अजून कोण राहिलं? पोरं मागं वळून पाहतात, बोटं दाखवतात, कोण लघवीला गेलंय, कुणाची बहीण दारात उभी आहे, सगळं सांगतात. पोरांना सगळं माहीत असतं. त्या दिवशी टेकाडावर आम्ही त्यांना विचारलंच नाही.