परवापासून

तिच्या पंचांगात कालच्या मागचे सगळे दिवस एकच : परवा. बरकतपुऱ्यात बायकांचं पोळी-भाकरी केंद्र काढलं ते परवा, दहावी झाली ती परवा, आणि पणजोबा निजामाच्या कचेरीत लागले तेही परवाच. हैदराबादी ‘परसों’ तिच्या मराठीत असा पाय पसरून बसला होता. मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई. सुधारून थकले आणि तिचं नावच परवा ठेवलं.

निवृत्तीनंतर मी घरात भिंतीकडे बघत बसलेली. ही दारात. “बाई, तुमच्या भाजणीचा वास अख्ख्या गल्लीला माहीत आहे. घरात ठेवून काय तिचं लोणचं घालता?” मी म्हटलं, मला धंदा जमायचा नाही. “नक्को जमू दे. भाजणी जमते ना?” असल्या पोरीशी कोण वाद घालणार!

पोळ्यांपलीकडे आपल्याला काही येत नाही म्हणणाऱ्या बाया तिनं चिक्कडपल्ली, विद्यानगरातून अशाच ओढून आणल्या. “पोळ्याच तर लोकांना येत नाहीत,” एवढंच ती म्हणायची. कॉम्प्युटर कंपन्यांत आलेली पुण्या-मुंबईची मंडळी डबे घेऊन येऊ लागली.

केंद्र इथल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत चाले. पुण्याहून नुकतेच आलेले नवे सेक्रेटरी म्हणाले, खोली मांडववाल्याला देऊ. म्हणजे आमच्या शेगड्या गेल्या आणि आम्ही पुन्हा आपापल्या भिंतींसमोर. बैठकीत परवा ताडकन उठली. “आम्ही इथं परवापासून आहोत!”

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “मग दोन दिवसांचं सामान ते काय! उद्या हलवा.”

सभेची हसून मुरकुंडी वळली. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, “अहो, माझं लग्नपण परवाच झालं. नातू कॉलेजात आहे.” त्यानंतर मांडववाल्याचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. खोली राहिली. लोक हसले कशाला, हे परवाला काही कळलं नाही.

पुढे ती निजामाबादला गेली, तिथल्या बायांसाठी असंच केंद्र काढायला. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, “आता तुम्ही बघा, बाई.” मी तिला वाट्टेल ते बोलले, मग रडले. तिच्यावाचून करमत नाही, सांगून टाकते.

मध्यंतरी केंद्र बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, “हे सुरू करणारी मुलगी कुठाय?” सेक्रेटरी भाकऱ्यांसाठी डबा घेऊन उभे होते. माझ्याआधी तेच म्हणाले, “निजामाबादला. परवाच गेली.”

तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्यात. मी चूक काढली नाही.