निळ्या स्लिंगचा शेमला

ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी मी कांडपावर होतो. वर्षाचं तिखट करायचे दिवस. माझ्या बायकोनं, सुमननं, मिरच्या वाळवून, मसाला भाजून डबे भरून दिले होते आणि सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या कांडपात मी नंबर लावून उभा होतो. यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. बाहेर येऊन पाहिलं तर साताऱ्याहून मीनलच्या शेजारणीचे बरेच फोन येऊन गेलेले.

"सर, मीनल चक्कर येऊन पडलीय. दवाखान्यात आणलंय. तुम्ही या."

तिखटानं तिथं सगळ्यांचेच डोळे वाहत होते, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. कराड मागे टाकलं आणि दुसरा फोन आला.

मीनल आमची एकुलती एक मुलगी. नोकरीमुळे साताऱ्यात राहायची. नवरा, संदीप, फौजेत. तिकडे वर, बर्फात. त्यांची मुलगी जुई तेव्हा आठ महिन्यांची होती. दवाखान्याच्या बाकावर शेजारीण तिला घेऊन बसली होती. तिनं जुईला माझ्याकडे दिलं आणि एक निळं कापड हातात ठेवलं. म्हणाली, "हिला यात बांधलं की झोपते."

मुलीच्या संसारातून आम्हाला मिळालेली सूचना एवढीच.

मीनलला जाऊन आता वर्ष होत आलं. मीनलबद्दल कुणी विचारलं तर मला फारसं काही बोलता येत नाही. बाळ बांधायच्या त्या निळ्या स्लिंगबद्दल विचारलं तर मात्र मी थांबत नाही. एका कापडाभोवती एवढे किस्से कसे साचतात, कळत नाही. लहान मूल असलेल्या घरातल्या धुण्याच्या बादलीसारखं आहे ते. आत्ता रिकामी केली म्हणावं तर पुन्हा भरलेली.

*

आधी ते कापड काय होतं ते सांगतो. पट्टे, बकलं असलं काही नाही. सहावारी पातळाएवढं लांब, जाडसर, निळं. ते खांद्यांवरून, पाठीवरून, कमरेवरून फिरवायचं, मूल छातीशी बसवायचं आणि गाठ मारायची. मीनलनं ते मागवलं तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, "एवढं लांब कशाला घेतलंस? परत कर, लहान माप मागव."

"असू द्या, अप्पा," ती म्हणाली होती.

सुमनचा खांदा धरलेला. हात वर जात नाही. म्हणजे बांधायचं मी. मी उंचीनं बेताचा. मोबाइलवर व्हिडिओ लावून तासभर खटपट केली. शेवटी सुमन म्हणाली, "अहो, तुम्ही मुलगी बांधताय की फेटा?"

त्यावरून मला सुचलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नात फेटे बांधणारे एक काका राहतात. एका बैठकीत अख्खं वऱ्हाड उरकणारा माणूस. त्यांना बोलावलं. त्यांनी व्हिडिओ एकदाच पाहिला, कापडाला पीळ दिला आणि असं झकास बांधलं की जुई आत चिकटून बसली आणि मिनिटात झोपली. फक्त दोन्ही टोकं माझ्या पोटऱ्यांपर्यंत लोंबत राहिली.

"शेमला जरा लांब झाला, सर," काका म्हणाले. "पण शोभतो."

तासाभरानं जुई उठली. तिला बाहेर काढायचं तर मला एकही गाठ सुटेना. काका मिरजेला लग्नाला गेलेले. फोन केला तर म्हणतात, "सर, फेटा सोडायचा नसतो. बांधलेला तसाच उचलून ठेवायचा असतो. सोडायचं मला कधी कुणी विचारलंच नाही."

शेवटी सुमननं जुईला वरून, बरणीतून लोणचं काढावं तसं काढलं. तेव्हापासून त्या लोंबत्या टोकांचं नाव शेमला पडलं.

*

आमराई बागेत सकाळी आमच्या निवृत्त लोकांचा कट्टा असतो. पहिल्या दिवशी मी जुईला बांधून गेलो तर सगळे माझ्या पोटाकडेच बघायला लागले. मग बँकेतून निवृत्त झालेले एकजण खाकरून म्हणाले, "सर, तुम्ही शाळा सोडली ती पोटुशी राहायला काय?"

सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून त्यांना आणखी चेव आला. कुणी कांगारू म्हणालं, कुणी डोहाळे काय लागलेत विचारलं.

आदली रात्रभर मी जुईपायी जागा होतो. बोलता बोलता मला बाकावरच डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं, जुई झोपलेलीच होती आणि कट्ट्यावरची सगळी म्हातारी माणसं गप्प बसली होती. बँकवाले माझा शेमला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "कुत्रं ओढत होतं. म्हणून धरला."

*

जुईला तिच्या वडिलांच्या घरी, वडूजला, अधूनमधून न्यावं लागतं. तिकडं संदीपची आई असते. एकदा एसटीत चढलो, तर कंडक्टर दाराशी तिकिटं मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, पदर आत घ्या, दारात अडकंल."

मग त्यानं वर पाहिलं. माझ्या मिशा पाहिल्या. क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सर, पदर आत घ्या."

विट्यापर्यंत सगळी गाडी मला "पदर सांभाळा" म्हणत होती. पण बसायला जागाही बायकांनीच दिली.

*

विहीणबाईंना ती स्लिंग मुळातच पसंत नव्हती. त्यांनी ओसरीवरूनच विचारलं, "आवं पाव्हणं, ह्ये काय गुंडाळलंय पोरीला?"

"मीनलनं घेतलं होतं."

त्या पायरी उतरून जवळ आल्या. मग म्हणाल्या, "आमी बी पोरं वाढिवली की. जुन्या लुगड्याची झोळी बांधली झाडाला, हाणला झोका, की गेलो रानात भांगलायला. आना तिला हिकडं."

त्यांनी झोळी बांधली. जुईनं तोंड उघडलं ते असं की शेजारची म्हैस दावणीला उभी राहिली. विहीणबाईंनी गाणी म्हटली, खुळखुळा वाजवला, गूळ चाटवला. काही नाही. शेवटी मी निळं कापड बांधलं. जुईनं त्यात डोकं घुसळलं, एक टोक मुठीत धरलं आणि गप्प झाली.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या. "नातीला आजी नगं, चिंधी पायजे."

जेवताना त्यांनी विषय काढला. संदीपला आता फॅमिली क्वार्टर मिळेल अशी जागा येणार होती. तो पोरीला आपल्याजवळ नेईन म्हणत होता. सोबत विहीणबाई जाणार होत्या.

"मी जाईन वो," त्या म्हणाल्या. "पर ही जाईल का? बापाला वळखती तरी का? जल्मली तवा पंधरा दिस बघितलं, मग त्या येळंला आला तवा तर कुनालाच कशाची सुद न्हवती. ही तुमास्नीच बाप म्हनाया लागंल, मग काय करायचं?"

मी भाकरी मोडत राहिलो. खरं म्हणजे तोच प्रश्न सुमन आणि मी महिनाभर एकमेकांना विचारायचं टाळत होतो. ती बापाकडे गेली नाही तर त्याचं काय, आणि गेली तर आमचं काय.

निघताना विहीणबाईंनी शेमला हातात धरून अंदाज घेतला. "ह्ये लय लांब हाय तुमास्नी. पायात यील. निम्मं कापा. उरल्याल्याची मी कुंची शिवती तिला."

"बघू," मी म्हणालो.

*

त्या बोलल्या आणि तसंच झालं. जिना उतरताना शेमला पायाखाली आला. कठडा हातात होता म्हणून निभावलं. जुईला वाटलं मी खेळतोय. ती हसून "पुना" म्हणाली. पण माझी पाठ धरली.

हाडांच्या डॉक्टरांनी मला पालथं पाडून दाबून पाहिलं. "वजन उचलायचं नाही, सर."

"वजन नाही उचलत. नात आहे."

"पाठीला नातं कळत नाही," ते म्हणाले आणि पट्टा लिहून दिला. म्हणजे आता मला एक पट्टा, त्यावर स्लिंग, त्यात दीड वर्षाची जुई. सुमन म्हणाली, "कागलच्या बाजारात बैल सजवतात तसे दिसताय."

मग मात्र मी कापड घेऊन टेलरकडे गेलो. त्यानं मला उभं करून, जुईसकट, माप घेतलं आणि दोन्ही टोकांना खडूनं रेघा मारल्या. "ठेवून जा. संध्याकाळी देतो."

"दुपारी हिला झोपायला लागतं हे."

"मग उद्या आणा."

"उद्याही लागेल."

टेलरनं कात्री खाली ठेवली. "ज्या दिवशी हिला झोप येणार नाही त्या दिवशी आणा, सर," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

*

त्याच आठवड्यात संदीप सुट्टीवर आला.

त्याची सुट्टी याआधी दोनदा मिळून रद्द झाली होती. उंच, रुंद खांद्यांचा, ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. जुईनं त्याला पाहिलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. सुमन म्हणाली, "जुई, बाबा बघ. बाबा आले."

जुईनं मान वर केली. खोलीभर पाहिलं आणि टेबलावरच्या माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "बाबा."

बरोबरच होतं. तिचा बाबा रोज संध्याकाळी त्यात यायचा. हा दारातला माणूस कोण, ते तिला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस त्यानं सगळं करून पाहिलं. बाहुली आणली, दारावर आलेली हरभऱ्याची गाडी दाखवली, गुडघ्यावर रांगला. तो जवळ आला की ती किंचाळायची. तिसऱ्या दिवशी तो न बोलता आतल्या खोलीत गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. जुईनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला, त्याची पापी घेतली, त्याला आपली चप्पल दाखवली. त्याचा आवाज दोनदा येत होता, एकदा मोबाइलमधून आणि एकदा दारातून. सुमन उठून स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "मामा, क्वार्टरचं न्हाई म्हणून कळवतो. उगं पोरीचं हाल नकोत."

"सुट्टी आहे अजून," मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी दुपारी जुई झोपेला आली आणि नेमकी माझी पाठ धरली. स्लिंग घ्यायला वाकलो तो सरळ होईना. सुमननं मला कसंबसं खुर्चीत बसवलं. जुई खाली फरशीवर बसून रडत होती आणि कापड आपल्याकडे ओढत होती. कुणी बांधायचं? सुमनचा हात वर जात नव्हता.

संदीप उठला. त्यानं कापड उचललं. मी सांगणार होतो की मध्यभागी खूण आहे, तिथून धरा. पण त्याच्या बोटांनी ती खूण आधीच शोधली होती. छातीवर पट्टा, पाठीवर फुली, पुन्हा खांद्यांवरून पुढे. एकदाही अडखळला नाही. मग त्यानं जुईला उचलून आत बसवलं, कापड तिच्या पायांखालून घेतलं आणि गाठ मारली. मला वर्षात अशी जमली नव्हती.

"कुठं शिकलात?" सुमननं विचारलं.

"हिच्या आईनंच शिकवलं, मामी. व्हिडिओ कॉलवर." तो खाली बघत बोलत होता. "सुट्टीवर आलो की मीच घेऊन फिरायचं, असं ठरलेलं. मी तिकडं पिठ्ठूला, आमच्या पाठीवरच्या बॅगेला, चादर बांधून शिकत होतो. आमचं सुभेदार साब म्हणायचे, बारसं कवा हाय रं पिठ्ठूचं?"

जुई रडत होती. मग तिनं नेहमीसारखं टोक मुठीत धरायला हात खाली नेला. टोक तिथं नव्हतं. तिनं चाचपून पाहिलं. गाठीपुढे जेमतेम वीतभर कापड उरलं होतं, तेवढंच तिनं धरलं. वर मान करून त्याची हनुवटी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग कान त्याच्या छातीला लावला.

तो गॅलरीत फेऱ्या मारू लागला. पाठ ताठ, पाऊल सावकाश, जणू परेडलाच निघालाय.

"तुम्हाला बरोबर बसलं," मी खुर्चीतून म्हणालो.

"माझ्याच मापाचं घेतलंय तिनं, मामा," तो हळू आवाजात म्हणाला, पोरगी उठू नये म्हणून. "तुम्हाला बोलली न्हवती?"

खडूच्या रेघा पुढच्या धुण्यात गेल्या. कापायचं राहून गेलं.