अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

आमच्या ह्यांना, बिंदुमाधवरावांना, हट्टी म्हटलं तर कमीच. मेटगळ्ळीच्या कारखान्यात तीस वर्षं तयार माल तपासला. दुसऱ्याच्या कामातली केसभर चूक कधी सोडली नाही. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा एक आकडा धरला: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सात वेळा नुसता एक!

निमित्त हयग्रीवभावजींचं. कारखान्यातले जुने सोबती, अग्रहारात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे घर, संध्याकाळची कॉफी रोज आमच्याकडे. श्रावणात एकदा म्हणाले, "हा आकडा फुटतो रे. लहानपणी आजोबांनी भागून दाखवला होता. कशानं, ते विसरलो."

"छट्! मूळ संख्या आहे," हे म्हणाले. "सिद्ध करतो. मोबाईल नको, कागदावर."

अय्यो, मग काय विचारता! एक हजार एक्कावन्नपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, असं मला समजावलं. अशा एकशे सत्याहत्तर. घाईत चूक होते म्हणून रोज एकच. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि त्या दिवसाची संख्या आधीच लिहून ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मी ती वही कात्री, मिक्सर आणि स्कूटरबरोबर पूजेला मांडली. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या तारखेचं पान उघडलं आणि पुढे चालू केलं.

माघात वही संपली. आकडा फुटला नव्हता. देवळाच्या कट्ट्यावर चार लोकांत हे भावजींना म्हणाले, "थापाड्या! आजोबांच्या नावावरही थापा?" भावजी उठून गेले. कॉफीला आले नाहीत. "बोलवा की," मी म्हणायची. "येईल झक मारत," हे म्हणायचे. मी तरी का नाही गेले? आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आषाढात भावजी वारले.

यंदा आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सामान पुसताना ती वही हाती लागली. चाळली, तर मध्ये एक पान कोरं. तारीख गेल्या आयुधपूजेची, संख्या दोनशे एकोणचाळीस. ह्यांना दाखवलं, तर ह्यांनी तिथंच बसून भागाकार केला. उत्तर चार हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी शून्य. जन्मभर दुसऱ्यांचं काम तपासलं, आणि स्वतःची वही एकदा उलटून पाहिली नाही!

हे तसेच भावजींच्या घरी गेले, मी मागोमाग. श्रीलक्ष्मीवहिनींपुढे वही धरून म्हणाले, "वहिनी, तो खरं बोलत होता. मी चुकलो."

वहिनींनी वहीकडे पाहिलंही नाही. "त्यांना ठाऊक होतं. कट्ट्यावरून आले आणि लगेच मोबाईलवर पाहिलं. मी म्हटलं, जाऊन सांगा तोंडावर. तर म्हणाले, राहू दे, सहा महिने खपलाय बिचारा. बोलावलं की जाईन कॉफीला."

हे दारातच उभे होते.

"रोज पाच वाजता शर्ट बदलून बसायचे," वहिनी म्हणाल्या.