काकांच्या बाथरूमची परीक्षा

घर विकत घेण्यापूर्वी ते नीट तपासून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. (मत ठाम असायला अनुभव लागत नाही.)

पुण्याजवळच्या मांजरीतला तो फ्लॅट माझ्या बायकोला, संगीताला, पाहताक्षणी आवडला होता. भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही परवानगी मागून ती वैतागली होती. त्यात या फ्लॅटचे मालक देवधरकाकांनी आधीची दोन गिऱ्हाइकं 'माणसं पटली नाहीत' म्हणून परत पाठवलेली. उगाच खुसपटं काढू नका, असं तिने जिन्यातच बजावलं. पण मी हटणार नव्हतो!

मी भिंती ठोकल्या, खिडक्या आपटल्या, प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर घालून पाहिला.

"पायाही खणून बघा," काका पेपरामागून म्हणाले.

मग मुख्य परीक्षा, बाथरूम गळतं का? जाळीत बोळा कोंबायचा, पाणी तुंबवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. मी बोळा कोंबला (तो काकांचा पंचा होता, हे नंतर कळलं) आणि नळ सोडला. कोरडा ठणठणीत! दुसरा सोडला, तिसरा सोडला. पाणी अजून यायचंय, काका म्हणाले. म्हटलं, तोवर खाली ओळख तरी करून घेऊ. नळ बंद करायचे असतात, हे पुण्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला का सांगायला हवं? हवं होतं.

खालच्या वहिनींनी चहा दिला, पोहे दिले. मी मान वर करून वॉटरप्रूफिंगवर व्याख्यान झोडत होतो. वर पाणी आल्याचा आवाज झाला. छत कोरडंच!

"एक थेंब नाही," मी जाहीर केलं आणि पायाला गार लागलं. पाणी जिन्यावरून, उघड्या दारातून आलं होतं. सोबत वर दाराशी काढलेली माझी एक चप्पलही.

धावत वर गेलो. काका सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले. संगीता ओढणी कमरेला बांधून पाणी बाल्कनीकडे लोटत होती. गेलं घर, मी मनात म्हटलं. मी खराट्याला हात घातला. तिने नुसतं बघितलं. मी हात काढला.

सगळं पुसून झाल्यावर ती म्हणाली, "काका, हॉलचा उतार छान आहे. पण ओट्याजवळच्या दोन फरश्या पोकळ वाजतात आणि बाथरूमची चौकट खालून कुजलीये. तेवढं करून द्या."

काकांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला. "याला म्हणतात तपासणी. घर तुम्हालाच देणार." मग माझ्याकडे बघून, "हे पण येणार आहेत का राहायला?"

संगीताने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ओला पंचा पिळायला दिला.

घर मिळालं. काकांनी फरश्या बदलल्या, चौकटही नवी बसवली. मला मात्र तिने आहे त्या स्थितीत घेतलं.