आमच्या कारखान्यातली पोटं

गणपतीच्या कारखान्यात माती आणि किस्से, दोन्ही रोज साचतात. माती संध्याकाळी झाडून तरी काढता येते, किस्से मात्र बसल्या जागी वाढत जातात. आमच्या पोटांसारखे! पेणला रामवाडीत आमचा कारखाना. मी तिथे पस्तीस वर्षं मूर्ती रंगवतोय. आम्ही जुने चारपाच जण साठी ओलांडलेले, दिवसभर पाटावर मांडी घालून बसणारे. गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर टेप आणि बीपीचं मशीन घेऊन आल्या, तिथून ही गंमत सुरू झाली.

*

पहिला नंबर नानांचा. नाना म्हणजे आमचे मूळ कारागीर. ते मातीचं पहिलं मॉडेल घडवतात, त्यावरून साचा निघतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती. वय अडुसष्ट, पोट वयाला साजेसं.

सिस्टरनी टेप गुंडाळली, तशी नानांनी पोट आत ओढलं.

"नाना, श्वास सोडा."

नानांचा चेहरा लालबुंद.

"अहो, सोडा श्वास!"

"सोडला तर पोट भायेर येल ना, सिस्टर!"

बीपी निघालं एकशे सत्तर. "या वयात पोटावर चरबी साठली की बीपी वाढायला वेळ लागत नाही," सिस्टर म्हणाल्या. नाना उखडले. "चरबी कसली? लग्नापासून माझी पँट चौतीसचीच हाय!"

ते खरंच होतं. फक्त पँट पोटाच्या खाली बांधलेली होती.

*

मीठ कमी करायला सांगितलं होतं. महिन्याने बीपी मोजलं, जिथल्या तिथे! वहिनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, शपथेवर सांगू लागल्या, "आमटी अळणी, भाजी अळणी. आता मी काय करू?"

सिस्टर बुचकळ्यात पडल्या. शेवटी मीच चुगली केली. दुपारच्या डब्यात नाना पोह्याचे सहा पापड खायचे. पेणचा माणूस, त्याला पापडाशिवाय घास उतरतो होय!

"पापडात मीठ कुठं असतं?" नाना साळसूदपणे म्हणाले. "पापडखार असतो!"

"तो मिठाचा सख्खा भाऊ आहे, नाना," सिस्टर म्हणाल्या. "आणि मीठही असतंच." वहिनींनी त्याच संध्याकाळी पापडाचा डबा शेजारी देऊन टाकला.

*

नानांची लेक रोह्याला दिलेली. ती दर महिन्याला त्यांना तिथल्या डॉक्टरकडे न्यायची. गंमत अशी की रोह्यात बीपी जरा बरं निघायचं, पेणला आलं की पुन्हा वर. "रोह्याची हवाच चांगली," असं नानांनी आम्हाला पटवूनही टाकलं होतं.

एकदा लेकीच्या हातात त्या डॉक्टरांनी दिलेल्या महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट पडलं. तीस गोळ्यांतली एकच संपलेली!

"डॉक्टरकडे जायच्या दिवशी घेतो ना!" नाना म्हणाले. "बाकीच्या दिवशी कोण बघतंय?"

हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो, पण सिस्टर हसल्या नाहीत. "नाना, हे असंच चाललं तर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल. उजवा हात गेला तर काय कराल?"

नाना बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. खरं सांगतो, मलाही भीती वाटली. त्या हाताशेजारी बसून माझं आयुष्य गेलंय.

दुसऱ्या दिवसापासून गोळी रोज. सकाळ-संध्याकाळ चालत स्टेशनपर्यंत आणि परत. "चाळीस वर्षं मी सांगत व्हते, तर कानावर घेतलं नाय," वहिनी सिस्टरना म्हणाल्या. "तुझं बरं ऐकलं गो!" वर्षभरात पोट उतरलं, बीपी खाली आलं आणि चौतीसची पँट पहिल्यांदा कमरेवर चढली.

*

यंदा मूर्तींची पहिली गाडी गेली आणि चार दिवसांत व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. "यंदा बाप्पा असा बारीक का?"

आमचे शेठ तडक नानांपुढे उभे राहिले. "नाना, हाताला काय झालं तुमच्या? नवीन मॉडेल नीट झालं नाय, तर यापुढे मी दुसऱ्याकडून घेणार!"

नानांचा चेहरा पडला. ज्या हातासाठी वर्षभर मन मारलं, त्याचंच काम जायची वेळ आली होती.

मला राहवेना. मी म्हणालो, "शेठ, हाताला काय झालेलं नाय. बाप्पाचं पोट घडवताना नानांचा डावा हात कुठे असतो, बघितलात कधी? स्वतःच्या पोटावर! डाव्यानं चाचपायचं, उजव्यानं माती लावायची. पस्तीस वर्षं मी हेच बघतोय."

नानांनी चमकून डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं!

मग त्यांनी ताजी माती मळली, मॉडेलवर थापली आणि आम्हा सगळ्यांवरून एकेक करून नजर फिरवली. ती शेठवर येऊन थांबली.

"शेठ, जरा शर्ट वर करा."

"काय?"

"मॉडेल पायजे ना?"

शेठनी निमूटपणे शर्ट वर केला. नानांनी डावा हात शेठच्या पोटावर ठेवला, उजवा मातीवर. अर्ध्या तासात असं भरदार पोट उतरलं की आम्ही सगळ्यांनी आपसूक हात जोडले. शेठचेही डोळे भरून आले. "आता जमलं, नाना," ते म्हणाले आणि शर्ट खाली घेऊ लागले.

तेवढ्यात दारातून सिस्टरचा आवाज आला.

"शेठ, शर्ट राहू द्या तसाच. वय काय तुमचं?"